दुसरी मोगरी

पटो न पटो, हे घडलेलं आहे.

ज्या बाईच्या बाबतीत घडलं ती माझी सख्खी आत्या. बुद्दूमध्ये, मसाकाच्या रस्त्यापासून बरंच आत, केळीच्या बागेतल्या त्याच घरात ती आजही राहते. तिने मला हे एकदाच सांगितलं. सांगताना तिचे शेंगा सोलणारे हात थांबले नाहीत. मान मात्र अगदी शेवटी, एकदाच वर झाली...

आणि रात्रबित्र नव्हती. टळटळीत दुपार होती. लांबलेला पाऊस नुकताच संपला होता, अंगण वाळत होतं, कोंबड्या सावली धरून बसल्या होत्या. अशा वेळी कुणाला भीती वाटते?

आत्याला वाटली.

तिला सगळे नालोंगो म्हणतात. जुळ्यांची आई. तिचा नवरा सालोंगो, जुळ्यांचा बाप. जुळी झाली की आमच्याकडे आईबापाची आधीची नावं मागेच पडतात. मुलं दोन, वासवा आणि काटो. वासवा आधी आला, काटो मागून. चेहरे इतके सारखे की लहानपणी आत्या एकालाच दोनदा आंघोळ घालायची आणि दुसरा तसाच पळून जायचा.

काटो राजधानीत, कंपालाला गेला, टायरच्या दुकानात लागला. वासवा बापाजवळ राहिला.

सालोंगोंचा धंदा सालीच्या कापडाचा. मुटुबाच्या झाडाची साल अलगद उतरवायची, शेकायची, आणि मांडवात ओंडक्यावर पसरून लाकडी मोगरीने ठोकत राहायचं. ठोकता ठोकता साल मऊ पडते, पसरते, माणसाला पांघरता येईल एवढी होते. उन्हात टाकली की विटकरी रंग चढतो. आमच्याकडे माणूस गेला की याच कापडात गुंडाळून मातीआड करतात.

बापलेक समोरासमोर बसायचे. बापाचा ठोका जड, मुलाचा हलका. एकाची मोगरी वर, तेव्हा दुसऱ्याची खाली.

ठक... टक. ठक... टक.

सगळ्या वाडीला ते ऐकू जायचं. आत्या म्हणते, त्या तालावर तिच्या हातून कामं आपोआप व्हायची.

मग वासवा कापडांचा गठ्ठा घेऊन कंपालाला निघाला आणि त्याची गाडी दलदलीजवळच्या वळणावर उलटली.

जुळ्यातलं कुणी गेलं की ‘मेला’ म्हणायचं नाही. ‘उडून गेला’ म्हणायचं. वासवा उडून गेला. ज्या कापडात त्याला गुंडाळला, ते दोघांनी मिळून ठोकलेलं होतं. अर्धं बापाच्या हातचं, अर्धं त्याच्या स्वतःच्या.

त्यानंतर मांडवातून एकच आवाज यायचा.

ठक...

मग काहीच नाही.

ठक...

मधली ती रिकामी जागा आत्याला ऐकवायची नाही. ती मुद्दाम भांडी आपटायची.

तर त्या दुपारी ती चुलीमागे रात्रीच्या मतोकेसाठी, उकडून कुस्करायची हिरवी केळी सोलत बसली होती. मांडवात सालोंगोंचं काम चालू होतं. तिचं तिकडे लक्षही नव्हतं. एकाएकी तिच्या लक्षात आलं की आपला हात भराभर चाललाय. तालात चाललाय.

तिने सुरी थांबवली.

ठक... टक. ठक... टक.

तिला वाटलं, शेजारचा सेन्योंगा आला असेल मदतीला. देवमाणूस आहे. तिने हात धुतले, कमरेचा पट्टा सारखा केला आणि पाहुण्याला नमस्कार करायला निघाली. केळीच्या ओळीला वळसा घालेपर्यंत आवाज चालू होता.

वळली... आणि थांबला.

मांडवात सालोंगो एकटेच. समोरची जागा रिकामी. वासवाची मोगरी खांबाला टांगलेली होती, तिच्यावर कोळ्याचं जाळं जसंच्या तसं.

“कोण आलं होतं?” तिने विचारलं.

“इथे कोण येणार?”

“नाही, मला आवाज आला...”

सालोंगोंनी झटकन वर पाहिलं. “कसला आवाज?”

त्यांच्या डोळ्यांत असं काही होतं की आत्या चपापली. भुकेल्या माणसाने वाढणाऱ्याच्या हाताकडे बघावं, तसं.

“काही नाही,” ती म्हणाली. “वाऱ्याने फांदी आपटली असेल.”

“आज वारा कुठंय?” ते हळूच म्हणाले, आणि पुन्हा मोगरी उचलली.

त्या आठवड्यात नवरा बदलला. मुलगा गेल्यापासून जो माणूस ताटात बोटं फिरवून उठायचा, तो शेंगदाण्याची आमटी मागून घेऊ लागला. गुणगुणू लागला. खांदा दुखतो म्हणून सकाळी उशिरा उठणारा, तो उजाडायच्या आत मांडवात.

“खांदा बरा दिसतोय,” आत्या म्हणाली.

“औषध लागू पडलंय.”

औषध म्हणजे चौकातल्या टपरीवरच्या कॅप्सुला. कागदाच्या पुडीत सुट्या मिळतात, कुणीही कुणालाही देतं. आमच्याकडे कंबर दुखो, गुडघा दुखो, सगळे त्याच घेतात. सालोंगो आधी पेजेबरोबर एक घ्यायचे. मग दोन. पुढे पुढे दुपारीही पुडी उलगडताना दिसायचे.

“एवढं दुखतंय का हो?”

“दुखत नाही म्हणून तर घेतो.”

आत्याला या बोलण्याचा अर्थ लागला नाही.

दुपारची ती केळी सोलायला बसायची. कान मांडवाकडे. रोज तेच. जड ठोका, मागून हलका. ती पाय न वाजवता जायची, केळीच्या आडून डोकवायची. नवरा एकटा. ती वळसा घेईपर्यंत दुसरा आवाज विरलेला असायचा. तिला वाटलं, डोंगरावरून घुमून येत असेल. पण इतकी वर्षं घुमला नाही तो आताच का?

एका संध्याकाळी सालोंगो हात धूत सहज बोलून गेले, “आज उशिरा आला.”

“कोण?”

ते थांबले. हातावरून पाणी ओघळत राहिलं.

“नालोंगो, रागावू नकोस. वासवा येतो. समोर बसतो. दिसत नाही मला, पण ठोकतो. त्याचाच हात आहे, मी ओळखणार नाही का? तुला... तुला नाही येत ऐकू?”

आत्याची जीभ ‘हो’ म्हणायला वळली होती. तेवढ्यात चुलीवरचं उतू गेलं आणि ती तिकडे धावली. परत आली तेव्हा सालोंगो पाठ करून बसले होते. दोघांपैकी कुणीच तो विषय काढला नाही.

पुढच्या शनिवारी काटो घरी आला.

काटो यायचा म्हणजे आत्या आधी दचकायची, मग हरखायची. फाटकातून येणारा तो चेहरा... एक क्षण तो दुसऱ्याचा असायचा.

काटोला ते ठाऊक होतं. म्हणून तो लांबूनच ओरडत यायचा, “मी काटो गं आई! देखणा तो मी! पाव आणलाय, साखर आणलीय, सून तेवढी आणली नाही!”

“तुला कोण देणार पोरगी, टायरचा वास येतो तुला,” आत्या म्हणाली, आणि त्याला पोटाशी धरलं.

तो मांडवात गेला. मागोमाग आत्या. सालोंगोंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली, नको तेव्हा कुणी मध्येच आल्यासारखी.

“ताता, सरका. मी देतो हात. शहरात गेलो म्हणून विसरलो नाही,” काटो म्हणाला. एक जुनी मोगरी उचलून तो समोर बसायला वाकला.

“तिथे बसू नकोस.”

“का हो?”

“तिथे जागा नाही.”

काटो हसला. मग बापाचा चेहरा पाहून त्याचं हसू गेलं. तो जागच्या जागी उभा राहिला, ओंडक्यापलीकडच्या मोकळ्या जमिनीकडे बघत.

“आई,” तो तिला चुलीजवळ नेऊन कुजबुजला, “हे काय चाललंय?”

आत्याला सांगायचं होतं. पण त्याआधीच मांडवात काहीतरी धपकन पडलं.

सालोंगो ओंडक्याशेजारी आडवे झाले होते. ओठांना काळं लागलेलं, कॉफीच्या चोथ्यासारखं. रक्त होतं ते, पोटातलं.

काटोने बोडावाल्याला हाक मारली. त्याच्या भाड्याच्या मोटरसायकलवर बाप मध्ये, लेक मागून धरून. आत्या दुसऱ्या मोटरसायकलवर. दवाखान्यात डॉक्टर अपोलोत म्हणून एक बाई होत्या, तेसोकडच्या. आमची भाषा बोलताना अडखळायच्या, पण माणसाशी बोलताना कधी नाही. त्यांनी रक्त चढवलं, दोन दिवस सालोंगोंना सोडलं नाही. शुद्धीवर आल्यावर खोदून खोदून विचारलं, आणि काटोने बापाच्या खिशातून कॅप्सुलांची पुडी काढून त्यांच्या हातात ठेवली.

“इंडोमेथॅसिन,” त्या म्हणाल्या. “दुखणं मारते, चांगलंच मारते. पण पोट खाते. एवढ्या घेतल्या तर माणूसही खाते.”

“डॉक्टर, आणखी एक आहे,” काटो म्हणाला. बाप काय म्हणतो ते त्या दोन दिवसांत आत्याने त्याला सांगितलं होतं, स्वतःला ऐकू येतं तेवढं सोडून. “ताताला भाऊ ऐकू येतो. माझा गेलेला भाऊ.”

सालोंगोंनी डोळे मिटून घेतले.

डॉक्टर हसल्या नाहीत. खुर्ची ओढून जवळ बसल्या. “सालोंगो, तुम्ही वेडे झालेले नाही. फार क्वचित, कुणाएकाच्या, या कॅप्सुला डोक्यात जातात. वय झालेल्या माणसाच्या जास्त. कुणी भांबावतं, कुणाला नसलेलं दिसतं, कुणाला नसलेलं ऐकू येतं. मी फक्त वाचलं होतं, पाहते आज पहिल्यांदा. बंद केल्या की जाईल ते.”

“जाईल?” सालोंगोंनी विचारलं.

“जाईल. आणि परत सुरू केल्या तर पुढच्या वेळी मी वाचवू शकणार नाही. खरं सांगते.”

डॉक्टर उठल्या, आणि उठता उठता आत्याकडे वळून सहज म्हणाल्या, “आई, तुम्ही घेत नाही ना या कॅप्सुला?”

“कधीच नाही.”

“मग तुम्हाला काही ऐकू येत नाही ना?”

सहज विचारलं होतं त्यांनी. पण सालोंगोंनी डोळे उघडले.

आत्या म्हणते, ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यांना तिच्याकडून एकच शब्द हवा होता. ती ‘हो’ म्हणाली असती तर मुलगा खरोखर येत होता, आणि तो ऐकू यायला त्यांना कॅप्सुला लागत होत्या. मग पोट फाटलं असतं तरी त्यांनी कॅप्सुला सोडल्या नसत्या. चौकातली टपरी तर घरापासून हाकेच्या अंतरावर.

एक गेला होता. दुसरं माणूस घालवायचं नव्हतं.

“नाही,” आत्या म्हणाली. “मला कधीच काही ऐकू आलं नाही.”

सालोंगोंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

घरी आल्यावर ते रोज मांडवात जाऊन बसायचे. ठोकायचे नाहीत, अंगात ताकद नव्हती. नुसते कान देऊन बसायचे. पहिले काही दिवस चेहऱ्यावर समाधान असायचं. मग ते कमी होत गेलं. एका दुपारी ते अंगणात परत आले आणि पायरीवर टेकले.

“गेला,” म्हणाले.

आणि हा माणूस, जो मुलाला मातीत ठेवताना रडला नव्हता, तो तेव्हा रडला. डोक्यावरची टोपी काढून, गुडघ्यांत तोंड घालून. आत्याने पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात...

रिकाम्या मांडवातून आवाज आला.

टक...

आत्याचा हात नवऱ्याच्या पाठीवर थिजला.

टक...

हलका ठोका. एकटाच. आणि दोन ठोक्यांच्या मध्ये जागा सोडलेली... बापाची मोगरी पडावी एवढी. वाट बघितल्यासारखी.

तिने खाली पाहिलं. सालोंगो तिच्या शेजारीच होते. डोळे पुसत कोंबड्यांकडे बघत होते. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

मग रोज दुपारी तेच सुरू झालं. पायरीवर बाप मुलासाठी झुरतोय, मांडवात मुलगा बापासाठी थांबलाय, आणि मध्ये ही बसलीय. दोघांचं तिला कळतंय, आणि एकाचं दुसऱ्याला सांगायची सोय नाही. कोणत्या तोंडाने सांगणार? आणि सांगितलं तर टपरी आहेच.

“मला भीती नव्हती वाटत गं,” ती मला म्हणाली. “लेकाची कसली भीती? पण लाज वाटायची. त्यांच्या ताटातलं मी चोरून खातेय असं वाटायचं.”

आत्या खंगली. सेन्योंगाची बायको म्हणायची, नवरा उठला आणि ही बसली.

शेवटी एक दिवस सालोंगो डॉक्टरांना दाखवायला गेले असताना ती मांडवात गेली. या वेळी वळसा घालून गेली तरी आवाज थांबला नाही. टक... टक... ओंडक्यावर काही नव्हतं. खांबावरची मोगरी हललेली नव्हती. आवाज मात्र तिच्यासमोर, हात लांबवला तर लागेल एवढ्यावर.

ती गुडघ्यांवर बसली. आमच्याकडे बाई नवऱ्यापुढे, वडीलधाऱ्यांपुढे गुडघे टेकते. मुलापुढे कधीच नाही. ती टेकली.

“वासवा, बाळा. मी खोटं बोलले. तुझ्या ताताला वाचवायला बोलले. तू माझ्याकडे येऊ नकोस रे. मला नको ऐकू येऊस. जमलं तर त्यांच्याकडे जा. त्यांना फार गरज आहे.”

टक...

मग पुढचा ठोका आलाच नाही.

ती कितीतरी वेळ तशीच बसली. केळीची पानं सुकून करकरत होती, तेवढंच. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. आत्याने लेकाला दुसऱ्यांदा घालवलं होतं, या वेळी स्वतःच्या तोंडाने.

पावसाचा हंगाम आला. मुटुबाची साल सोलायला झाली. सालोंगो एक दिवस उठले, साल आणली, शेकली, मांडवात बसले. आत्या चुलीमागे केळी घेऊन बसली. कान देऊन.

ठक...

एकच.

ठक...

तिने खूप ऐकलं. दुसरा आवाज नव्हता. पण काहीतरी वेगळं होतं. एकटा माणूस ठोकतो तेव्हा त्याला कुणासाठी थांबावं लागत नाही, ठोक्यामागे ठोका पडतो. सालोंगो थांबत होते. मोगरी वर धरून, दर वेळी तेवढंच. तिने केळीच्या आडून पाहिलं. त्यांनी मान किंचित कलती केली होती, आणि ओठांवर... हसू होतं.



त्यांनी पुन्हा कॅप्सुला सुरू केल्या असतील? तिने सदऱ्याचे खिसे पाहिले. गादी उलटली. छपराच्या वाशांत हात घातला. टपरीवरच्या पोरीला विचारलं. ती म्हणाली, “नालोंगो, ते तर इकडे फिरकतही नाहीत. लांबच्या रस्त्याने जातात.” काटोने डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, त्या औषधाचा अंश केव्हाच अंगातून गेला. सालोंगोंची तब्येत ठणठणीत. पोट बरं, रक्त चांगलं.

मग ते कुणासाठी थांबतात?

नुसती सवय असेल. इतक्या वर्षांचा हात आहे, आपोआप थांबत असेल. मी आत्याला हेच म्हणाले.

“हसूपण सवयीचं?” ती म्हणाली.

हे बोलणं झालं तेव्हा आम्ही दोघी चुलीमागे बसलो होतो. मांडवात काम चालू होतं. मी कान देऊन ऐकत होते आणि मला एकच ठोका ऐकू येत होता, जड, सावकाश. मध्ये ती जागा. मला ती जागा आवडली नाही. ती रिकामी वाटत नव्हती.

आत्याने पहिल्यांदा मान वर केली. “विचारू का गं त्यांना? विचारायचं तर आधी कबूल करावं लागेल, की त्या दिवशी मी खोटं बोलले. आणि ते ‘नाही’ म्हणाले, तर वासवा कुणाकडेच नाही. ‘हो’ म्हणाले, तर मीच त्याला आपल्या हाताने देऊन टाकला. काय करू मी?”

मी तिच्यापुढच्या शेंगा सोलायला घेतल्या.

मांडवातला आवाज थांबला. सालोंगोंची हाक आली, चांगली मोकळी, समाधानी.

“नालोंगो! पाणी आण गं. दमलो आम्ही.”

आम्ही.

म्हातारी माणसं बोलतात तसं. कितीदा ऐकलंय आपण.

आत्या माझ्याकडे बघत राहिली. मग उठली, पाणी घेतलं आणि केळीच्या ओळीला वळसा घालून गेली.

मी तिच्यामागे गेले नाही.